पंखवाला हत्ती आणि माझी पट्ट्याची चप्पल

गेल्या हिवाळ्यात मी दुसऱ्याच्या केळीबागेत हत्ती पकडायला गेलो आणि आमच्या गावातली केळीची कटाई चार दिवस बंद पडली.

यात माझी काही चूक नव्हती. चूक आमच्या व्याह्यांची होती. पण ते धुळ्याचे, रिटायर्ड क्रीडाशिक्षक, सदा हसतमुख, आणि मी रावेरकडचा केळीचा व्यापारी, सदा तापलेला. त्यामुळे दोष कुणाच्या नावावर पडायचा ते लोकांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

आधी माझ्याविषयी सांगतो. मला सुपडूशेठ म्हणतात. हा 'शेठ' मला कुणी फुकट दिलेला नाही. सोळाव्या वर्षी मी कटाईच्या टोळीत डोक्यावर केळीचे घड वाहत होतो. आज त्याच बागांचे सौदे करतो. मधल्या काळात मी एकच विद्या शिकलो, ती म्हणजे उठून जायची! सौदा अडला की मी म्हणतो, "मग राहू द्या. मी चाललो!" आणि उठतो. उठायचं खरं, पण जायचं नाही. त्यासाठी मी मुद्दाम पट्ट्याची चप्पल वापरतो. साधी चप्पल पायात सरकवली की माणूस लगेच बाहेर. पट्ट्याच्या चपलेचं तसं नसतं. वाकायचं, पहिला पट्टा ओढायचा, भोक शोधायचं, उसासा टाकायचा, मग दुसरा पट्टा. तेवढ्या वेळात समोरचा माणूस विचार करतो, घाबरतो आणि हाक मारतो, "शेठ, बसा हो! असं काय करता!" तीस वर्षांत दुसरा पट्टा लावायची वेळ माझ्यावर क्वचित आली.

फक्त एकदा फसलो. उमेशच्या लग्नाच्या बोलणीत. उमेश आमचा मुलगा. लग्न रावेरला व्हायला हवं असं माझं म्हणणं, धुळ्याला व्हायला हवं असं व्याह्यांचं. त्यांना सगळे नाना म्हणतात. दोन तास झाले तरी नाना हसत होते आणि हलत नव्हते. मी उठलो. "मग राहू द्या. मी चाललो!" पहिला पट्टा लावला. दुसरा लावला. पुन्हा सोडून पुन्हा लावला. नाना म्हणाले, "बरं मंग, या सावकाश. ऊन शे, टोपी घाला."

बस्स! एवढंच! परत बोलावणं नाही, आग्रह नाही!

मी त्यांच्या फाटकाशी धुळ्याच्या उन्हात अर्धा तास उभा होतो. शेवटी आपणहून आत गेलो आणि म्हणालो, "चष्मा राहिला माझा." चष्मा नाकावरच होता. वीस पाहुण्यांनी तो बघितला. लग्न धुळ्याला झालं.

याला चार वर्षं झाली. मी विसरलो नाही.

तर गेल्या वर्षी जळगावच्या डॉक्टरांनी माझे रिपोर्ट बघून सांगितलं, "शुगर वाढलीय. रोज पाच किलोमीटर चालायचं."

मी म्हणालो, "तीन करा."

"पाच."

"साडेतीन. आणि रविवारी सुट्टी."

"शेठ, ही केळी नाहीत."

"चार. शेवटचं. नाहीतर मी चाललो!" मी उठलोसुद्धा.

डॉक्टर म्हणाले, "हां, हेच! असंच उठायचं आणि पाच किलोमीटर जायचं." आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. (त्या दिवसापासून त्या डॉक्टरांचं माझं मनापासून पटत नाही.)

घरी आल्यावर आमच्या मंडळींनी, म्हणजे कमलनं, साखरेचा डबा कुलपात घातला. सूनबाईंनी माझा मोबाईल घेतला. सूनबाई म्हणजे वृषाली, नानांची मुलगी. हुशार आहे, पण वाण धुळ्याचा! तिनं मोबाईलमध्ये एक खेळ टाकून दिला. मोबाईल हातात धरून चालायचं. चालता चालता कॅमेऱ्यात समोरचा रस्ता दिसतो आणि त्या रस्त्यावर मध्येच एखादा निळा ससा नाहीतर दोन शेपट्यांचं माकड उभं दिसतं. डोळ्यांनी बघितलं तर काही नाही, मोबाईलमधून बघितलं तर आहे! जवळ जायचं, काचेवर बोट खालून वर झटकायचं, की जाळं उडतं आणि प्राणी पकडला जातो. किती किलोमीटर चाललो ते वर आपोआप दिसतं.

"बाबा, शंभर किलोमीटर पूर्ण झाले ना, की सगळ्यात मोठा प्राणी दिसायला लागतो," वृषाली म्हणाली. "पंखवाला हत्ती! अर्धा तासच थांबतो, मग दुसरीकडे उडून जातो. आमच्या नानांचे कधीच शंभर झालेत. पण हत्ती त्यांना अजून सापडलेला नाही."

"नाना खेळतात हे?"

"रोज पहाटे. म्हणाले, तुझ्या सासऱ्यांना सांग, हे चालायचं काम आहे, बसून सौदे करायचं नाही."

माझ्या डोक्यात वीज कडाडली. तिथल्या तिथे नानांना फोन लावला.

"नाना, हत्ती आधी कोण पकडतो ते बघू!"

"अरे वा, शेठ! पैज?"

"पैज! पुढच्या महिन्यात आमच्या शेतावर भरीत आहे, दोन्ही घरं येणार. तोपर्यंत जो पकडेल तो जिंकला. जो हरेल त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं, 'लग्नाच्या बोलणीत समोरच्याचंच बरोबर होतं.'"

पलीकडून नाना म्हणाले, "शेठ, चार वरीस झाले ना हो त्या गोष्टीले!"

"पैज लावता का नाही?"

"लागली!"

आता शंभर किलोमीटर पायी चालणं हे माझ्यासारख्या माणसाला शोभत नाही. मी आयुष्यात चाललो ते बैठकीपासून दारापर्यंत. शिवाय या खेळाला म्हणे कळतं, माणूस पायी आहे की गाडीवर. मोटरसायकलवर बसलो तर किलोमीटर मोजायचा बंद झाला. जीपमध्ये बसलो, बंद. पण तो खेळ ज्यानं कुणी बनवला, त्यानं आमचं केळीचं ट्रॅक्टर बघितलेलं नव्हतं!

घडांनी भरलेली ट्रॉली जोरात नेता येत नाही. धक्का बसला की फण्या घासतात, काळ्या पडतात, माल वाया जातो. त्यामुळे आमचा ड्रायव्हर युनूस ट्रॅक्टर अशा चालीनं नेतो की एकदा मागून एक म्हैस पुढे निघून गेली होती. मी ट्रॉलीत केळीच्या पानांची गादी केली, वर बसलो आणि मोबाईल हातात धरला. किलोमीटर पडू लागला! खेळाला वाटलं, माणूस चालतोय! मी खूश. तीन आठवडे मी ट्रॉलीत बसून शेंगदाण्याचा लाडू खात (साखरेला कुलूप होतं, गुळाला नव्हतं) शंभर किलोमीटर चाललो.

मधे रक्त तपासलं. शुगर आणखी वाढलेली.

"असं कसं?" मी ओरडलो. "रोज पाच किलोमीटर होतंय! हे बघ मोबाईलमध्ये!"

कमल शांतपणे म्हणाली, "चालतेय ती ट्रॉली. तिची शुगर तपासा, उतरलेली असेल."

पण मला शुगरशी काय करायचं होतं? मला हत्ती हवा होता! आणि भरीत आठ दिवसांवर आलं असताना, एका सकाळी, भागवत आप्पांच्या बागेजवळ मोबाईल थरथरला. हत्ती! सोनेरी पंख, पायात घुंगरं, बागेच्या मधोमध केळीच्या दोन रांगांत उभा!

मी ट्रॉलीतून उडी मारली. (उडी म्हणजे युनूसनं हात धरून उतरवलं.) बागेत शिरलो. मोबाईल डोळ्यांसमोर धरला, पुढे वाकलो, मागे सरकलो, एका घडाशी गेलो, दुसऱ्या घडाशी गेलो. हत्ती उंच होता, म्हणून मोबाईल वर धरला आणि बोट झटकलं. जाळं चुकलं. पुन्हा झटकलं. पुन्हा चुकलं. एक, दोन, तीन, चार...

"काय मोजून राहिले शेठ?"

मागे भागवत आप्पा उभे. सत्तरीचे, डोक्यावर टोपी, हातात विळा. माझ्या बोटाकडे बघत होते. माझं बोट वरच्या घडाकडे होतं.

आता तुम्हीच सांगा, मी काय बोलायचं? तालुक्यात ज्याच्या नावानं शेतकरी दचकतो, त्या सुपडूशेठनं म्हणायचं का, की मी हत्ती पकडतोय?

"काही नाही आप्पा. असंच. सहज."

हा शब्द तोंडातून गेला आणि माझं वाटोळं झालं. कारण मी बागेत कधी सहज जात नाही. हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. एरवी बाग बघायला मी माणूस पाठवतो. स्वतः जातो ते भाव चढणार असेल तेव्हाच, शेतकऱ्याला सुगावा लागायच्या आधी सौदा बांधायला. (ही युक्ती गुप्त आहे अशी माझी वीस वर्षं समजूत होती.)

आप्पांनी विळा कमरेला खोचला. "सहज व्हय? बरं, बरं." आणि मोबाईलकडे बोट दाखवून विचारलं, "याच्यात घडाचं वजन दिसते काय?"

"वजन नाही हो दिसत!"

"मंग काय दिसते?"

"काहीच नाही!"

"काहीच दिसत नाही अन् अर्ध्या घंट्यापासून पाहून राहिले?"

मी चिडलो. "माझा मोबाईल, मी बघीन! तुम्हाला काय करायचं?" आणि तरातरा बाहेर आलो. तोवर हत्ती उडून गेला होता.

दुपारपर्यंत गावात बातमी गेली की सुपडूशेठनं घडाचं वजन सांगणारं मशीन आणलंय, भाव चढणार आहे आणि विचारल्यावर शेठनं अंगावर धाव घेतली, म्हणजे भाव चांगलाच चढणार आहे. संध्याकाळी आप्पांनी निरोप पाठवला, "उद्याची कटाई थांबवा. माल अजून भरू द्यायचा आहे." त्यांच्या शेजाऱ्यानंही तोच निरोप पाठवला. मग त्याच्या शेजाऱ्यानं.

दुसऱ्या दिवशी माझा ट्रक बागेच्या तोंडाशी रिकामा उभा. कटाईची टोळी बांधावर बसून बिड्या ओढतेय. मी तिथे जाऊन आरडाओरडा करणार, तेवढ्यात मोबाईल थरथरला. हत्ती! दोन शेतं पलीकडे!

मी ट्रक सोडून पळालो. खरंच पळालो. पट्ट्याच्या चपलेनं! आणि माझ्या मागे गाव. कारण साठीकडे झुकलेला, ढेरपोट्या, मधुमेही व्यापारी कटाई टाकून मोबाईल पुढे धरून पळत असेल, तर तो कुठे पळतोय हे बघायला नको का? पुढे मी, मागे आप्पा, त्यांच्या मागे बिड्या विझवून टोळी, आणि सगळ्यांच्या मागे मोटरसायकल ढकलत गोटूशेठ. हा माझा धंद्यातला वैरी. बांधावरून गाडी चालत नाही म्हणून ढकलत होता, पण मागे राहायला तयार नव्हता.

हत्ती विहिरीपाशी होता. मी जाळं टाकलं. चुकलं. गोटूशेठनं माझ्या बोटाच्या दिशेनं बघितलं. तिकडे गणपत महाजनाची बाग होती.

"गणपतभाऊ!" गोटूशेठ तिथूनच ओरडला. "तुमची बाग माझी! शेठ जो भाव सांगतील त्याच्या वर माझा!"

"मी भाव सांगितलेलाच नाही!" मी ओरडलो.

"ऐकलं का, भाऊ? शेठ भाव लपवून राहिले!"

गणपतभाऊंनी हात जोडले. "मले आता इकायचीच नाही. तुम्ही दोघं भांडा, मी थांबतो."

तिसऱ्या दिवशी तर गोटूशेठच मोबाईल डोळ्यांपुढे धरून बागाबागांतून हिंडू लागला. त्याच्या मोबाईलमध्ये खेळ नव्हता, नुसता कॅमेरा होता. पण तोही बोट झटकत होता! त्याला बघून आणखी दोन व्यापारी आले. तेही झटकू लागले. आणि व्यापारी वाढले म्हणून शेतकऱ्यांची खात्री वाढली, खात्री वाढली म्हणून कटाई आणखी थांबली. माझा ट्रक तसाच. ट्रकवाला कंटाळून केबिनमध्ये भजन म्हणायला लागला.

शेवटी मी ठरवलं, इभ्रत गेली तर गेली, खरं सांगून टाकायचं. ग्रामपंचायतीसमोर चारेक डझन शेतकरी जमले होते. मी ओट्यावर चढलो.

"ऐका रे भो! भाव चढणार नाही. मशीन नाही, काही नाही. मी मोबाईलवर खेळ खेळतो. त्यात एक पंखवाला हत्ती आहे. तो मी पकडतोय. आमच्या व्याह्यांशी पैज आहे. एवढंच!"



मग भागवत आप्पा हळूच उठले. त्यांनी टोपी सारखी केली आणि लोकांकडे वळून म्हणाले, "मंडळी, शेठले मी तीस वर्षांपासून वळखतो. लहान भाव लपवायचा असला का ते लहान खोटं बोलतात. आज पंखाचा हत्ती काढला त्यांनी. म्हणजे भाव केवढा असंल, तुम्हीच पाहा!"

टाळ्या! खरोखर टाळ्या पडल्या!

"अरे, आईच्यान खरं सांगतोय!" मी पाय आपटला.

"आता आईची शपथ घेतली," मागून कुणीतरी म्हणालं. "चार दिवस आणखी थांबा रे!"

माझं डोकं फुटायची वेळ आली. आयुष्यभर मी खोटं बोललो, लोकांनी ते खरं मानून माल दिला. एकदा खरं बोललो, तर कुणी एक फणी द्यायला तयार नाही! मी म्हणालो, "राहू द्या मग! मी चाललो!" आणि चपलेला हात घातला.

आप्पा पुटपुटले, "पाहा, आता पट्टा लावतीन."

पहिल्यांदाच मला कळलं की हेसुद्धा सगळ्या गावाला ठाऊक आहे.

चौथ्या दिवशी वृषालीला माझी दया आली. ती माझा मोबाईल घेऊन चौकात गेली. एकेकाला जवळ बोलावून तिनं दाखवलं. आप्पांनी मोबाईलमधून बघितलं. चौकातल्या हातपंपाशेजारी निळा ससा बसला होता. आप्पांनी मोबाईल बाजूला करून बघितलं. हातपंप. पुन्हा मोबाईलमधून बघितलं. ससा. पाच वेळा त्यांनी असं केलं.

"आप्पा, बोट झटका," वृषाली म्हणाली.

आप्पांनी झटकलं. पहिल्याच झटक्यात ससा जाळ्यात!

सत्तर वर्षांचा माणूस टुणकन उडाला. "पकडला! पोरी, हे माह्याही मोबाईलमधी टाक!"

आता तुम्हाला वाटेल, गैरसमज मिटला, कटाई सुरू झाली. छे! गैरसमज मिटला आणि अख्ख्या गावानं खेळ टाकून घेतला! कटाईच्या टोळीनं टाकला, गणपतभाऊंनी टाकला, त्यांच्या सुनेनं टाकला. जी माणसं समोरच्या पानटपरीवर मोटरसायकलनं जायची, ती बांधाबांधांवरून मैलोन्‌मैल चालू लागली. विळे झाडाला टांगलेले आणि टोळी माकडाच्या मागे! मी टोळीच्या मुकादमावर ओरडलो, तर तो म्हणाला, "शेठ, जरा हळू. ससा बुजते." कटाई आणखी दोन दिवसांनी सुरू झाली, तीही पाचांतले तीन गडी कामावर आणि दोन शिकारीवर या बोलीवर. आप्पांचे आखडलेले गुडघे म्हणे सुटले. गणपतभाऊंचं वजन उतरलं. सगळ्या गावाची तब्येत सुधारली. फक्त माझी सोडून! कारण मी तोवर पुन्हा ट्रॉलीत बसायला लागलो होतो. माझे पाय दुखत होते.

आणि भरिताचा रविवार उजाडला. हत्ती अजून कुणालाच सापडला नव्हता. मलाही नाही, नानांनाही नाही.

आमचं शेत गावापासून पाच किलोमीटरवर. मी ट्रॅक्टरनं गेलो. धुळ्याहून नाना आले, सडसडीत, पांढरे बूट घालून. बांधाजवळ कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, लाकडी बडगीत मिरच्या-लसणासकट ठेचली, कांद्याची पात घातली, वरून तेलाची फोडणी. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांची चवड लागली. दोन्ही घरची तीसेक माणसं केळीच्या पानांवर बसली. माझ्या शेजारी नाना.

पहिला घास घेणार, तर मांडीखाली मोबाईल थरथरला. मी पानाच्या आडून बघितलं.

हत्ती! आमच्याच शेतात! विहिरीच्या मोटारीच्या खोलीमागे, दीडशे पावलांवर!

उठावं तर नाना ओळखणार. आणि नाना एकदा पळायला लागले की मला काय, त्या हत्तीलाही ते सापडायचे नाहीत. काहीतरी निमित्त हवं होतं. अशा वेळी माणसाला आपली जन्माची विद्याच कामाला येते. मी पुरी पानावर आपटली.

"हे भरीत आहे का? मीठ कुठेय यात?"

कमल चकित झाली. "अहो, तुम्ही खाल्लं कुठे अजून?"

"वासावरून कळतं मला! माझ्याच शेतात माझा असा अपमान! राहू द्या तुमचं भरीत. मी चाललो!"

उठलो. वाकलो. पहिला पट्टा लावला. मनात म्हटलं, परत बोलावणारा इथे कुणी नाही. घरच्यांना सवय आहे आणि नाना तर नानाच आहेत. दुसरा पट्टा लावला आणि मोटारीच्या खोलीच्या दिशेनं चालू लागलो. दहा पावलं. वीस. चाळीस. जिंकलो! सुपडूशेठ जिंकला! आता नाना सगळ्यांसमोर उभे राहतील आणि म्हणतील...

"शेठ!"

मागून आवाज आला. नानांचा.

"शेठ, मांगे या ना! तुमना बिगर भरीत गोड लागावं नही आम्हले!"

माझे पाय जागच्या जागी थांबले.

तुम्हाला कळणार नाही मला काय वाटलं ते. चार वर्षं! चार वर्षं मी या हाकेसाठी त्या धुळ्याच्या फाटकाशी मनातल्या मनात उभा होतो. आणि आज तीस माणसांसमोर नाना हात जोडून मला परत बोलावत होते!

"नाही, नाही," मी मागे न बघता म्हणालो. (एकदा नाही म्हणायचंच असतं.)

"या हो शेठ! मना हात जोडेल शेतस तुम्हले!"

हत्ती गेला खड्ड्यात! मी वळलो. संथ पावलं टाकत, मान ताठ ठेवून परत आलो. लोकांनी जागा करून दिली. कमलनं पान पुढे सरकवलं. नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बसवलं. वाकून स्वतःच्या हातांनी माझ्या चपलांचे पट्टे सोडले. दोन्ही! माझे डोळे भरून आले.

"बसा शेठ, घसा सुकना व्हई तुमना," नाना म्हणाले. "थांबा, मी पाणी लई येस."

केवढा हा माणूस! इतकी वर्षं आपण उगाच राग धरला. नाना तांब्या घेऊन निघाले. मी कौतुकानं बघत होतो. ते मोटारीच्या खोलीकडे निघाले होते. पाणी तिथेच असतं म्हणा. मग त्यांनी पावलं झपझप टाकली. मग ते पळायला लागले.

मी उमेशला विचारलं, "पाणी आणायला माणूस पळतो कशाला रे?"

उमेशनं माझ्या शेजारच्या नानांच्या पानाकडे बघितलं. "बाबा, तांब्या तर नेला. पण मोबाईलही नेलाय त्यांनी."

मी उठलो. चपला शोधल्या. पट्टे सुटलेले! अनवाणी पळावं तर पऱ्हाट्यांचे काटे! मी वाकलो, पहिलं भोक शोधलं, आणि तेवढ्यात मोटारीच्या खोलीमागून आरोळी आली, "हत्ती मी धरी लिधा रे!"

त्यांनी येताना पाणीसुद्धा आणलं. भरलेला तांब्या, एक थेंब न सांडता. तो माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "मना मोबाईल बी तव्हळच थरथरना व्हता, शेठ. तुम्ही पट्टा लाई ऱ्हायनात ना, तव्हळ."

पैज ती पैज. मी उभा राहिलो. तीस माणसं पुरी हातात धरून थांबली. मी म्हणालो, "लग्नाच्या बोलणीत समोरच्याचंच बरोबर होतं."

"मोठ्यानं, बाबा," वृषाली म्हणाली. "मागे ऐकू आलं नाही."

मी मोठ्यानं म्हणालो. मग म्हणालो, "झालं समाधान? आता खरंच मी चाललो!" दोन्ही पट्टे घट्ट लावले आणि बांधावरून रस्त्याला लागलो. पन्नास पावलांवर जरा रेंगाळलो. मागून भरीत वाढल्याचा आवाज आला, हसण्याचा आला. हाक काही आली नाही.

पहिला किलोमीटर रागात गेला. दुसऱ्या किलोमीटरला पोटात भूक पेटली. तिसऱ्याला मागून ट्रॅक्टरची धडधड ऐकू आली. भरिताची रिकामी भांडी घेऊन युनूस गावाकडे निघाला होता. ट्रॉलीत केळीच्या पानांची माझी गादी अजून तशीच होती. त्यानं माझ्याजवळ येऊन विचारलं, "शेठ, बसता का?"

मी ताडकन म्हणालो, "नको!" आणि आता तो आग्रह करेल म्हणून थांबलो.

भांडी आदळू नयेत म्हणून युनूस नेहमीसारखाच सावकाश चालला होता. त्यामुळे तो पुढच्या वळणाआड दिसेनासा होईपर्यंत, रस्त्याच्या मधोमध उभं राहून, मला चांगली पाच मिनिटं वाट बघता आली.